सोलापूर: वडिलांच्या एसपीईपीमध्ये एम-स्पाइक आलाय, म्हणजे मायलोमा नक्की का?

नाही ओ, एसपीईपीत (रक्तातली प्रोटीनं वेगळी करून बघायची टेस्ट) नुसता एम-स्पाइक (आलेखात एकाच प्रोटीनचं उंच टोक) दिसला म्हणून मायलोमा (प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर) नक्की होत नाही, त्याला बोन मॅरो (हाडातला मगज) बघावीच लागते. मी इथं सोलापुरातच लॅबमध्ये आहे, हे रिपोर्ट हाताखालून जातात. स्पाइक म्हणजे एकाच प्लाझ्मा पेशीची (अँटिबॉडी बनवणारी पेशी) पिलावळ एकाच छापाचं प्रोटीन काढत सुटलीय एवढंच, आणि वय झालेल्या माणसांत हे काही त्रास न देता पण सापडतं, त्याला एमजीयूएस म्हणतात (स्पाइक डेसिलीटरला ३ ग्रॅमच्या आत, मॅरोत त्या पेशी १० टक्क्यांच्या आत आणि हाडं-किडनी ठीक). त्यामुळं आता एवढं करून घ्या:
- इम्युनोफिक्सेशन, प्रोटीन कुठल्या जातीचं ते कळतं
- सीरम फ्री लाइट चेन (अँटिबॉडीचे सुटे छोटे तुकडे रक्तात मोजायची टेस्ट), ही चुकवू नका, कारण काही मायलोमात फक्त लाइट चेनच बनते आणि एसपीईपी चक्क नॉर्मल दिसते
- हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट)

फक्त किडनी आधीच कमजोर असेल तर कप्पा-लॅम्डा रेशो (लाइट चेनच्या दोन जातींचं प्रमाण, एरवी ०.२६ ते १.६५) आजार नसताना पण थोडा वर जातो, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत ठेवूनच हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) दाखवा.