सासूबाई माळवद सोडत नाहीत

वाचक विचारतात. या वेळी उत्तरं देणाऱ्या मावशी १९९३ च्या भूकंपानंतर औसा तालुक्यात घरदुरुस्तीचं समजावून सांगणाऱ्या 'संवाद सहायक' म्हणून घरोघर फिरल्या होत्या.

प्रश्न : मावशी, आमचं गाव कळमनुरी तालुक्यात. जमिनीतून गुडगुड आवाज येतो. २०२४ च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये सकाळी सकाळी घर चांगलंच हललं. आमचं पुढचं घर पत्र्याचं, मागचं आजेसासऱ्यांच्या वेळचं माळवदाचं, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं. सासूबाई मागंच झोपतात. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आन् मरायचंच तर हितंच मरते, म्हणतात. शाळेत प्रशिक्षण झालं तेव्हा बॅग भरून ठेवायला सांगितली होती, ती भरली. आणखी काय करू?
– एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : बॅग भरली ते बरं केलं. पण बॅग दाराबाहेर पोचलेल्या माणसाच्या कामाची. सासूबाई दारापर्यंत पोचतील कशा, ते आधी बघू.

माळवदाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. माझा जन्मच माळवदाखालचा. ३० सप्टेंबर १९९३ ला मी चोवीस वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा आडवी झालेली, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली, तेवढ्यावर भागलं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या गावांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. साडेसात हजारांवर माणसं गेली. भूकंप ६.२ चा. याहून मोठे भूकंप होतात आणि एवढी माणसं जात नाहीत. आपल्याकडं माणसं गेली ती डोक्यावरच्या ओझ्यानं.

त्या आधी ऑक्टोबर १९९२ मध्येही किल्लारीला हादरे बसले होते. म्हणून तुमच्याकडंही तसंच होईल असं नाही. असे आवाज पुष्कळ ठिकाणी येतात आणि बंद पडतात. पण आपला भाग धोक्याचा नाही, असं आता कोणी म्हणू नये. ९३ च्या आधी भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढं २००२ च्या नकाशात तो तिसऱ्यात गेला.

आता माळवदावर चढा, सोबत एक सळई घ्या आणि मातीत खुपसून बघा किती जाते. दरसाल मृगाच्या आधी गळतं म्हणून पांढरी माती टाकायची, जुनी कोणी काढायचं नाही. सळई हातभर गेली तर नवल मानू नका. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट, कोरडी असली तरी साडेचार टनांच्या घरात. पावसात भिजली की त्याहून जास्त. यातली वीतभर ठेवून बाकीची उतरवा. सगळी एका बाजूनं ओढू नका, वजन एकीकडं जातं. राहिलेल्या मातीखाली जाड प्लास्टिक अंथरलं तर दरसाल माती टाकायची कटकटही जाते. सासूबाईंना हेच सांगा, भूकंपाचं बोलूच नका.

मग भिंत. दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. मध्येच भिंत दोरीला टेकली की तिला पोट आलंय. हातोडीनं ठोकून बघा, जिथं भद्द वाजतं तिथं आत पोकळ. आपली दोन-अडीच फुटी भिंत म्हणजे एक भिंत नव्हेच. बाहेरून दगडांची एक रांग, आतून एक, मध्ये माती आणि कपच्या. दोन्हींना जोडणारा आरपार दगड गवंड्यानं घातलेला नसतो. हादरा बसला की एक रांग बाहेर पडते, एक आत. खाटेवर पडते ती आतली.

दुरुस्तीच्या कामात एका म्हातारीनं मला उंबऱ्यातच अडवलं होतं. भिंतीला भोक पाडलं की घराचा जीव जातो, म्हणाली. मी म्हणलं, एकच दगड काढू द्या, नाही पटलं तर परत लावून देते. मिस्त्रीनं दगड काढला आणि फाटक्या पोत्यातून पीठ सांडावं तशी माती घळाघळा आली. मातीत सापाची कात निघाली. म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या जाड भिंतीत हेच होतं होय?" दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला चहा तिनंच दिला.

ती दुरुस्ती अशी : साधारण मीटर-मीटरवर आरपार भोक पाडायचं, आकडा केलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचं. एका वेळी एकच भोक, शेजारचं लगेच नाही. दाराच्या चौकटीवरून सगळ्या भिंतींना जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा, पोतं सुतळीनं आवळतो तसा. लाकडी खांब असतील तर खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरकस लाकूड ठोकायचं. माळवद खांबांवर पेललेलं होतं तिथं पुष्कळ ठिकाणी भिंती पडूनही छत उभं राहिलेलं मी पाहिलंय. काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. भिंत फारच फुगली असेल तर तिला हात न लावता आधी ती खोली रिकामी करा.

हे सगळं होईस्तोवर सासूबाईंची खाट पोट आलेल्या भिंतीपासून काढा आणि खांबाजवळ, दाराच्या वाटेवर आणा. वाटेतली उतरंड हलवा. फळीवरची पितळी भांडी खाली घ्या, सासूबाईंच्या लग्नातलं घंगाळ असलं तरी. रात्री अडसर नको, साधी कडी लावा, आणि ती सासूबाईंना अंधारात एका हातानं निघते का ते दिवा बंद करून बघा. आम्ही हे गावोगाव करून घेतलं होतं. निम्म्या घरांत कडी सुनेच्या उंचीला असायची, सासूच्या नाही.

पत्र्याच्या घरात आणलं म्हणजे भागलं, असंही समजू नका. पत्र्यावर दगड ठेवलेत का? मी गावभर शहाणपण सांगत फिरले आणि माझ्याच पडवीवर सात दगड होते. तीन उन्हाळ्यांपूर्वी मे महिन्यात वावटळीसारखं वारं सुटलं, पत्रा उचलला आणि पाट्याएवढा एक दगड मी भाजी निवडत बसले होते त्या पाटावर पडला. मी दोन मिनिटांपूर्वी मीठ आणायला आत गेलेले. मालक काही बोलले नाहीत, नुसते दगडाकडं आणि माझ्याकडं बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी हुकाचे बोल्ट आणून पत्रा अँगलला आवळला. सात दगडांची आता तुळशीपुढं पायरी झालीय.

प्रश्न : आम्ही दहाजणी सोयाबीन काढायला जातो. आभाळ आलं तरी मुकादम म्हणतो, वीज काय रोज पडते का? झाडाखाली बसू नका म्हणतात, मग बसायचं कुठं?
– एक वाचक, ता. जिंतूर

उत्तर : शेतात बसायला चांगली जागा नसते, म्हणून लवकर निघायचं असतं. वीज चमकली की धान्य मापताना म्हणतो तसं सावकाश मोजा : लाभ, दोन, तीन. तीन आकड्यांना एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडलं की विळा ठेवायचा आणि पक्क्या खोलीत जायचं, शाळा किंवा समाजमंदिर. चहूकडून बंद जीप चालेल, ट्रॅक्टर नाही. शेतातल्या आखाड्यावरचं चार खांबांचं पत्र्याचं छप्पर पावसापुरतं, विजेपुरतं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत फिरू नका. अडकलातच तर एकमेकींपासून लांब, पाय जुळवून उकिडवं बसा, आडव्या होऊ नका. झाड आणि तारेचं कुंपण टाळा. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप मुकादमाच्याच फोनमध्ये टाकून द्या, म्हणजे तुमच्याशी भांडायला नको.

आणि एक. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो म्हणून लोक हात लावत नाहीत. करंट राहत नाही. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरजोरात दाबत राहा, दुसरीला १०८ लावायला सांगा.

प्रश्न : २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीचं पाणी घरात शिरलं. कागद भिजले, दोन म्हशी दावणीलाच गेल्या. या पावसाळ्याआधी काय करावं?
– एक वाचक, ता. परंडा

उत्तर : म्हशींचं ऐकून फार वाईट वाटलं. कागदांचं सोपं आहे. सातबारा परत निघतो, खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडं मिळते. बाकीच्यांचे फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. घराचे आणि गोठ्याचेही आत्ताच काढा, पंचनाम्याच्या वेळी आधी काय होतं ते दाखवता येतं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, तो दारामागं खडूनं लिहा.

दावणीच्या दोरीचं मात्र आजच करा. आपण जनावर निरगाठीनं बांधतो. ओली निरगाठ अंधारात सुटत नाही आणि कोयता तेव्हाच सापडत नाही. सुरगाठ मारा. जनावर खुंट्याशी हिसके देऊन बघू द्या, सुटता कामा नये. मग मोकळं टोक घरातल्या सगळ्यात लहान लेकराच्या हातात द्या आणि ओढायला सांगा.