वाचकांचे प्रश्न : टाकीतला फ्यूएल पंप

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक २००७ सालची असून तिला नंतर सिक्वेन्शियल (इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारे) सीएनजी किट बसवलेले आहे. रोजचे येणे-जाणे गॅसवर होते, घाटात मात्र मी पेट्रोलवर चालवतो. गेल्या उन्हाळ्यापासून घाटात पेट्रोलवर गाडी आचके देऊ लागली, कधी बंद पडली, थंड झाल्यावर पुन्हा चालू झाली. आता सकाळी स्टार्टर नीट फिरतो, पण इंजिन चालू होत नाही. टाकीतला पंप जळाला आहे, पूर्ण असेंब्ली (मोटर, जाळी, फ्लोट यांचा एकत्र जोडलेला संच) बदलावी लागेल, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. हे निदान बरोबर आहे याची खात्री कशी करावी? नुसती मोटर बदलून चालेल का? आणि हे काम घरी करता येईल का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आपण दिलेल्या लक्षणांवरून पंपाचा संशय रास्त वाटतो, तरीही सिद्ध होण्याआधी तो बदलू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, ही तक्रार जळालेला फ्यूज, बिघडलेला रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), गंजलेले कनेक्टर, इंजिनची गती मोजणारा क्रँक सेन्सर किंवा पंप यांपैकी कशानेही येऊ शकते. आणि यांतला पंप हा सर्वांत खर्चाचा भाग असूनही वर्कशॉपमध्ये बहुधा सर्वांत आधी तोच बदलला जातो.

आपल्या गाडीत एक सोय आहे, जी नुसत्या पेट्रोलच्या गाडीत नसते. बहुतेक सिक्वेन्शियल किटमध्ये स्विच दाबून धरून चावी फिरवली की इंजिन थेट गॅसवर चालू करता येते. नेमकी पद्धत किट बसवणाऱ्याकडून विचारून घ्यावी. अशा रीतीने इंजिन गॅसवर व्यवस्थित चालले, तर ठिणगी, क्रँक सेन्सर आणि मूळ ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा गाडीतला संगणक) ठीक आहेत असे समजावे, कारण हे किट आपल्या इंजेक्टरांची वेळ ईसीयूकडूनच घेते. मग दोष पेट्रोलच्या बाजूलाच उरतो आणि शोधाची व्याप्ती एकदम कमी होते.

त्यानंतर शांत जागी मागच्या सीटजवळ कान देऊन दुसऱ्या कोणाला तरी चावी फक्त ‘ऑन’ करायला सांगावे. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत चावी ऑन होताच ईसीयू पंपाला साधारण दोन सेकंद वीज देतो आणि तेवढा वेळ बारीक गुंजन ऐकू येते. ते येत नसेल तर आधी फ्यूज पाहावा, मग पंपाचा रिले तशाच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहावा. तरीही आवाज नसेल तर टाकी बंद असतानाच पंपाचे कनेक्टर काढून वीज आणि अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली परतीची तार) या दोन पिनांमध्ये १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावावा. चावी ऑन केल्यावर दिवा दोन सेकंद लख्ख लागला आणि कनेक्टर परत लावल्यावर पंप मात्र गप्प असला, तर पंप गेला असे म्हणता येते. दिवा मंद लागला किंवा लागलाच नाही, तर दोष वायरिंगमध्ये किंवा अर्थमध्ये आहे, आणि नवा पंपही तिथे चालणार नाही. आवाज येत असूनही गाडी चालू होत नसेल तर प्रेशर गेजखेरीज निर्णय करू नये. या पिढीच्या गाड्यांमध्ये दाब साधारण अडीच ते साडेतीन बार लागतो, आणि आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. दाब कमी असेल तर पंपाआधी फिल्टर आणि पंपाच्या तळाची जाळी तपासावी.

टाकीच्या तळाशी रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर पंप चालू होतो, हा अनुभव पुष्कळांना येतो. मोटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) झिजून कम्युटेटरला (त्या भागावरच्या वीज घेणाऱ्या पट्ट्यांना) नीट टेकत नसले की असे घडते. अशा वेळी गाडी घरापर्यंत नेता येते, पण त्या पंपाच्या भरवशावर पुन्हा घाट चढू नये. झिजलेली मोटर गरम झाली की अडते आणि गार झाली की फिरते. आपली गाडी उन्हाळ्यात घाटात बंद पडून नंतर चालू होत होती, ते बहुधा यामुळेच.

पंप का गेला, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टाकीतला पंप ज्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, तेच त्याला गार ठेवते आणि त्याच्या फिरत्या भागांना वंगणही तेच पुरवते. सीएनजी बसवलेल्या अनेक गाड्यांमध्ये इंजिन गॅसवर चालत असतानाही पंप अखंड फिरतच राहतो. गॅसवरच चालवायचे म्हणून मालक टाकीत जेमतेम रिझर्व्हपुरते पेट्रोल ठेवतात. मग तेच थोडे पेट्रोल तासन्‌तास फिरत राहून तापते आणि पंपही तापतो. त्यामुळे नवा पंप बसवल्यावर टाकी निदान पाव भरलेली ठेवावी आणि आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावे. गॅसवर असताना पंप बंद करणारा रिलेही मिळतो, मात्र गॅसवरून पेट्रोलवर परत येताना दाब तयार व्हायला वेळ मिळेल अशी जोडणी हवी, म्हणून तो किटच्या जाणकाराकडूनच बसवून घ्यावा.

मोटर की असेंब्ली, याचे उत्तर असेंब्लीच्या प्रकृतीवर अवलंबून आहे. प्लास्टिकचा सांगाडा शाबूत असेल, फ्लोट (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) मोकळा हलत असेल आणि दाबाचा रेग्युलेटर ठीक असेल, तर चांगल्या कंपनीची, त्याच दाबाची मोटर आणि तिच्यासोबत नवी जाळी घालणे योग्यच आहे, आणि खर्चही बराच वाचतो. जुनी जाळी पुन्हा लावणे ही खोटी काटकसर आहे. मोटर आणि झाकण यांना जोडणारी आतली नळी पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठीच बनवलेली असावी, कारण बाहेरच्या कामाची साधी पेट्रोल नळी फक्त आतल्या अंगाने पेट्रोल सोसते आणि टाकीत ती बाहेरून फुगून फाटते. ती फाटली की पंप फिरतो पण दाब चढत नाही, आणि नवी मोटरच खराब निघाली असा गैरसमज होतो.

आता घरी करण्याविषयी. काही गाड्यांमध्ये मागच्या सीटखाली झाकण असते, काहींमध्ये पूर्ण टाकी खाली उतरवावी लागते. दुसऱ्या प्रकारात हे काम घरी करू नका, कारण जॅकवरच्या गाडीखाली पेट्रोलने भरलेली टाकी हाताळण्यात जिवाचा धोका आहे. पहिल्या प्रकारात, अशा हातकामाची सवय असलेल्या माणसाला ते जमण्यासारखे आहे, पण उघड्यावरच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या गिझरपर्यंत किंवा देवघरातल्या दिव्यापर्यंत पोहोचू शकते. सीएनजी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा. टाकीतले पेट्रोल हातपंपाने काढून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे. नळी तोंडाने ओढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण पेट्रोल फुप्फुसात गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. पंप बंद असला तरी नळीत दाब उरलेला असू शकतो, म्हणून जोड सोडवताना त्याभोवती फडके गुंडाळावे. उघडण्यापूर्वी झाकणावरची माती ब्रशने पूर्ण काढावी, नाहीतर ती थेट टाकीत पडते. लॉक रिंग (असेंब्ली टाकीवर घट्ट धरणारे कडे) सोडवायला पोलादी छिन्नी वापरू नये, कारण तिने ठिणगी उडू शकते; पितळी चालते. असेंब्ली बाहेर काढताना फ्लोटची दांडी वाकू देऊ नये, आणि ती कोणत्या दिशेने बसली होती याचा फोटो आधीच काढून ठेवावा. टाकीच्या तळाशी गंज किंवा पाणी दिसले तर टाकी साफ केल्याशिवाय नवा पंप आत सोडू नये.

सगळे जोडल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून दाब चढू द्यावा, प्रत्येक जोड कोरडा आहे का ते पाहावे, आणि मगच इंजिन चालू करावे.

प्रश्न : नवा पंप बसवल्यापासून टाकी पूर्ण भरली की गाडीत पेट्रोलचा वास येतो आणि वळणावर तो वाढतो. टाकी अर्धी झाली की वास जातो. मेकॅनिक म्हणतात, काही दिवसांत जाईल.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो आपोआप जाणार नाही. टाकी भरलेली असतानाच वास येतो, याचा अर्थ पेट्रोल वरच्या झाकणापर्यंत पोहोचून सीलमधून झिरपत असावे. टाकीतून काढलेले जुने सील पेट्रोलने फुगलेले असते आणि खोबणीत पुन्हा नीट बसत नाही, म्हणून पंप काढला की ओ-रिंग किंवा गॅस्केट नवेच घालावे लागते. ते झाले नसेल तर आता करून घ्यावे, आणि सिलिकॉन लावून भागवू देऊ नये, कारण साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही. तोपर्यंत टाकी अर्ध्याहून अधिक भरू नये, गाडीत कोणालाही सिगारेट ओढू देऊ नये आणि ती बंद गॅरेजमध्ये उभी करू नये. झाकणावरच्या रबरी नळ्याही याच वेळी वाकवून पाहाव्यात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्या प्रमाणासाठी बनवलेले नव्हते. नळीवर तडे दिसले किंवा ती चिकट लागली, तर सीलबरोबर तीही बदलून घ्यावी.