चिंचिला घरी आणलीस, आता आधी पावसाचं बघ

अगं, चिंचिला म्हणजे दाट, मऊ केसांचा, उंदराच्या जातकुळीतला छोटा जीव. पहिला आठवडा तिला उचलूच नकोस. पिंजऱ्याजवळ बस, हळू बोल, तळहात आत ठेवून वाट बघ. ती स्वतः हुंगायला आली की अर्धं काम झालं. घाबरून घट्ट पकडलीस तर केसांचा झुपकाच्या झुपका हातात येतो. ती तिची सुटकेची युक्ती आहे. माझी पहिली मांडीवर यायला दोन महिने लागले, आणि त्या दिवशी मी जागची हलले नव्हते.

पण मला खरी काळजी आपल्या हवेची आहे. हा जीव दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या थंड, कोरड्या हवेतला. कातडीच्या एका छिद्रातून पन्नासाहून जास्त केस येतात, त्यामुळे २५ अंशांच्या वर तिला त्रास सुरू होतो. बेळगावचा एप्रिल-मे एसीशिवाय निघणार नाही. लाइट गेली तर काय, हेही आत्ताच ठरव. मी फरशीचे तुकडे फ्रीजमध्ये ठेवते, ती त्यावर पसरते. खानापूरकडचा पाऊस तर त्याहून वाईट, कारण दमटपणात केसांना बुरशी धरते. एसी ‘ड्राय’वर ठेव.

पाण्याने अंघोळ कधीच घालू नकोस. चिंचिलासाठीची बारीक धूळ मिळते, ती आठवड्यातून दोन-तीनदा, दहा मिनिटं दे. नदीची वाळू चालत नाही.

खायला मुख्यतः टिमोथी नावाचं वाळलेलं गवत, कारण दात आयुष्यभर वाढतात आणि ते चावून चावून झिजतात. मनुका नको, पाहुण्यांनी लाडाने पुढे केलेला कुंदा, म्हणजे आपली बेळगावची खव्याची मिठाई, तर अजिबात नको. आणि गुरांच्या दवाखान्यावर विसंबू नकोस, अशा प्राण्यांचे दात तपासणारा डॉक्टर आजच शोधून ठेव.