कोंबडी निरोगी असली तरी मांस जपूनच हाताळावे

‘कोंबड्या धडधाकट आहेत, दाणाही आम्ही स्वतः निवडून घालतो, मग घरच्या मांसापासून आजाराची भीती कशाला?’ असे आपण विचारले आहे. आपण पक्ष्यांची घेत असलेली काळजी मोलाची आहे. परंतु साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू ठणठणीत कोंबडीच्या आतड्यातही तिला कसलाही त्रास न देता राहतात, त्यामुळे तुरा लालबुंद आहे, खाणेपिणे व्यवस्थित आहे, एवढ्यावरून मांसाविषयी काहीच ठरवता येत नाही.

खरी जोखीम पोट साफ करताना असते. कापण्यापूर्वी 8 ते 12 तास दाणा बंद ठेवावा, पाणी मात्र चालू ठेवावे. गळ्याची पिशवी आणि आतडी रिकामी असली की ती फुटून मांस खराब होण्याची शक्यता बरीच कमी होते. पोट उघडताना सुरीचे टोक आत खुपसू नये. कातडी बोटांनी उचलून बेताचा छेद घ्यावा, गुदद्वाराभोवती गोल कापावे आणि आतडे अखंड बाहेर ओढावे. सुरुवातीला एकदा घाईत माझ्या हातून आतडे फुटले आणि हिरवट-तपकिरी घाण क्षणात छातीच्या मांसावर पसरली. धुतल्यावर डाग गेला, तरी तेवढा भाग मी कापून टाकला, कारण डाग गेला म्हणजे जिवाणू गेले असे नव्हे.

साफ केलेला पक्षी लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून 4 अंश सेल्सिअसच्या आत ठेवावा आणि एक-दोन दिवसांत शिजवायचा नसल्यास गोठवावा. गोठवल्याने जिवाणूंची वाढ थांबते, ते सगळे मरत नाहीत.

स्वयंपाकघरात आणल्यावर मांस पुन्हा नळाखाली धुण्याची सवय मात्र कृपया सोडा. त्या शिंतोड्यांतून जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नयेत.

शिजवताना रंगावर विसंबू नका. मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसून 74 अंश तापमान आल्याची खात्री करावी. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असल्यास यात जराही सूट घेऊ नये, आणि कापण्याच्या जागेपासून लहान मुलांना तर लांबच ठेवावे.