डाव्या हाताविषयी

प्रिय गड्या,

हरलेल्या लढतीबद्दल तू दोन पानं लिहिलीस, त्यातलं दीड पान पंचांवर. चुकलेही असतील. पण तिसऱ्या राउंडमध्ये तुझा डावा हात जवळजवळ उचललाच गेला नाही, हे मी रिंगबाहेरून मोजत होतो.

तेओफिलो स्टीव्हन्सन तुझा देव, म्हणून त्याचंच सांगतो. क्युबाचा हेवीवेट बॉक्सर; १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं. तू त्याचा उजवा ठोसा पाहत बसतोस. सगळेच पाहतात, तुझ्या वयात मीही तेच करायचो आणि त्यापायी बराच मार खाल्ला. आता फक्त त्याचा डावा बघ. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, पुन्हा जॅब, अर्धं पाऊल पुढे, परत जॅब. समोरच्याची मान मागे जाते, नजर त्या ग्लव्हवर अडकते, आणि तेवढ्यात उजवा येऊन पोचलेला असतो.

१९७१च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत अमेरिकेच्या डुएन बॉबिकनं त्याला हरवलं होतं. पुढच्या वर्षी म्युनिक ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा तोच समोर. तिसऱ्या राउंडमध्ये स्टीव्हन्सननं त्याला तीनदा लोळवलं आणि लढत थांबवावी लागली. अंतिम फेरीत प्रतिस्पर्धी दुखापतीमुळे उतरलाच नाही. लोक सोनं आठवतात. मला ते मधलं वर्ष आठवतं.

अजिंक्य मात्र म्हणू नकोस त्याला. सोव्हिएत संघाचा इगोर व्हिसोत्स्की उंचीनं कमी, पण त्यानं स्टीव्हन्सनला दोनदा हरवलं. दुसऱ्यांदा १९७६ मध्ये, नॉकआउटनं. त्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्टीव्हन्सन पुन्हा सोनं घेऊन गेला.

व्यावसायिक होण्याचं विचारलंस. मुहम्मद अलीशी लढायला स्टीव्हन्सनला लाखो डॉलर देऊ केले होते, तो गेला नाही. क्रांतीनंतर क्युबात व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी होती. जायचं तर देश सोडून. तुझं तसं काही नाही, म्हणून त्याचा नकार मी तुझ्या गळ्यात मारत नाही. माझी हरकत साधी आहे: तीन राउंडला दम पुरत नाही, तिथे व्यावसायिकांच्या आठ राउंडच्या गप्पा कशाला?

सोमवारी स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीत, उजवा हात हनुवटीपाशीच ठेवायचा, मारायचा नाही. चिडशील, चालेल. आणि बँडेज धुऊन आण रे, मागच्या वेळी वास येत होता.

तुझा,
सर