सहा खोकी की दोन स्पीकर?

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा. गेल्या दिवाळीत ४३ इंची टीव्ही घेतला. चित्र सुरेख, पण सासूबाईंना (वय ७६) मालिकेतलं बोलणं कळत नाही, आणि आवाज वाढवला की पार्श्वसंगीतानं घर दणाणतं. मुलाला थिएटरसारखा दणका हवाय. दुकानात ‘५.१ होम थिएटर, १०,००० वॅट’ असा सेट १२ हजारांना सांगितला. माझी मर्यादा १५ हजार. घेऊ का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, नका घेऊ.

घरातला गीझर साधारण २,००० वॅटचा असतो. म्हणजे हा सेट पाच गीझरांएवढा झाला! खरंच तेवढी वीज ओढणारा असता तर पहिल्याच हाणामारीला एमसीबी पडला असता. हा आकडा ‘पीएमपीओ’चा, क्षणभराच्या उसळीचा, आणि तो काढायची सर्वमान्य रीतच नाही. ‘आरएमएस’, म्हणजे सलग मिळणारी ताकद, किती ते विचारा. दुकानदारानं विषय बदलला तर खोकं फिरवा, मागच्या स्टिकरवर वीज किती लागते ते छापलेलं असतं. तिथं ६० वॅट असेल तर सलग ६० च्या वर काही बाहेर येणार नाही. तुमच्या हॉलला तेवढेही पुष्कळ. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनंच वाढतो, कानाला जरासाच.

मी मिरजेत अँप्लिफायर दुरुस्त करतो. इथं तंबोऱ्याचा भोपळा कारागीर टिचकी मारून पारखतात, तो बोलला पाहिजे. स्पीकरचं उलटं. खोक्यावर टिचकी मारा, ते गप्प बसलं पाहिजे. रिकाम्या डब्यासारखं वाजलं तर प्रत्येक शब्दात ते आपला सूर मिसळणार. आणि ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि दणक्याचा एक सबवूफर. १२ हजारांत ही सहा खोकी, अँप्लिफायर, रिमोट, शिवाय दुकानदाराचा नफा. एकेका खोक्याच्या वाट्याला काय उरलं असेल?

५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. स्वस्त सेटमध्ये बहुधा तोच मुठीएवढा असतो. म्हणजे सासूबाईंना जे हवंय, तेच सगळ्यात कच्चं.

माझ्याही घरी एकेकाळी सहा खोकी होती. मागच्या दोघांच्या वायरी दारातून न्याव्या लागल्या. केर काढताना रोज कुंच्याला अडकायच्या. महिन्याभरात आमच्या हिनं दोन्ही खोकी शोकेसवर नेऊन ठेवली, ती तिथंच मुकी बसली.

तुम्ही पॉवर्ड स्पीकरची एक जोडी घ्या, म्हणजे अँप्लिफायर आतच. खोकं एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), वूफर म्हणजे खालच्या सुरांचा मोठा पडदा ४-५ इंची, मागं ‘एचडीएमआय एआरसी’ची जागा, म्हणजे टीव्हीचा आवाज एका केबलनं स्पीकरकडे येतो. मग टीव्हीच्याच रिमोटवर आवाज चालतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर, म्हणजे साध्या स्टिरिओ आवाजावर ठेवा, नाहीतर कधीकधी चित्र दिसतं आणि आवाज गायब, आणि लोक स्पीकर उचलून माझ्याकडे आणतात. दोन्ही स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला यावेत. दोघांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच सोफ्यापर्यंत. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका.

आधी हॉलमध्ये एक टाळी वाजवून बघा. मागोमाग ‘टण्ण’ अशी शेपूट ऐकू आली तर दोष नुसता टीव्हीचा नाही, उघड्या फरशीचा आणि भिंतींचाही आहे. बोलणं तिथंच विरघळतं. जाड पडदा आणि सतरंजी यांच्यासाठी १५ हजारांतले थोडे बाजूला ठेवा.

मुलाच्या दणक्याचं म्हणाल, तर ‘सब आउट’ असलेलीच जोडी बघा. पुढं पैसे जमले की सबवूफर जोडता येईल. फक्त तो कोपऱ्यात ठेवला की घुमतो, खालच्या मजल्यावरचे लोक वर येतील.

दुकानात सासूबाईंना घेऊन जा. ते लोक हेलिकॉप्टर आणि स्फोट लावून दाखवतील, ते बंद करायला सांगा. मोबाईलवरून बातम्या लावा, हळू आवाजात. निवेदिका काय म्हणाली ते सासूबाईंनी जसंच्या तसं सांगितलं, की पाकीट काढा.