एसएसआयचे वॉरगेम: सुरुवात कुठून करावी

एसएसआय म्हणजे स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स, संगणकावरचे वॉरगेम (युद्धाचे डावपेची खेळ) काढणारा जुना अमेरिकी स्टुडिओ. त्याचा इतिहास समजून घ्यायचा म्हणून १९८० च्या ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’पासून क्रमाने खेळत बसू नका. जोएल बिलिंग्ज यांनी १९७९ मध्ये काढलेल्या या स्टुडिओचा तो पहिला गेम. त्याबद्दल वाचलंत तरी पुरे. हात घालायचा तो १९९४ च्या ‘पॅन्झर जनरल’ला.

त्यात नवखे हमखास रणगाडे थेट शहरात घुसवतात, आणि खंदकात बसलेलं पायदळ त्यांचा फडशा पाडतं. आधी तोफखान्याचा आणि बॉम्बर विमानांचा मारा करा. हल्ल्यागणिक खंदकाची पातळी उतरते. मग पायदळ पुढे काढा, रणगाडे मोकळ्या मैदानासाठी राखा. तोफखाना पायदळाला लागून, नकाशावरच्या मागच्या षट्कोनी घरात ठेवा, म्हणजे शत्रू पायदळावर चालून आला की तोफखाना आपोआप आधी गोळे डागतो. अनुभवी तुकडीचं नुकसान भरून काढायला साधी, म्हणजे नवख्या सैनिकांची भरती केली की तिचा अनुभव घटतो. प्रेस्टिज (खेळातलं चलन) जास्त गेलं तरी एलिट, म्हणजे मुरलेल्या सैनिकांची भरतीच घ्या, कारण मुख्य तुकड्या पुढच्या लढायांतही तुमच्यासोबत येतात.

हे अंगवळणी पडलं की वॉरगेम रचणारे गॅरी ग्रिग्जबी यांच्या २०१० च्या ‘वॉर इन द ईस्ट’कडे वळा. स्टुडिओ वेगळा, पण बिलिंग्ज तिथेही आहेत. पूर्ण मोहीम लगेच उघडू नका, ‘रोड टू मिन्स्क’ ही छोटी लढाई घ्या.